वर्लिनचं ओकचं दार

मिनेसोटातल्या एल्म रिज वसाहतीत प्रत्येक घराला पुढचं दार असतं, आणि घरातलं माणूस त्या दारानं कधी आत जात नाही. घरची माणसं गाडीतून गॅरेजात शिरतात आणि गॅरेजातून थेट स्वयंपाकघरात उगवतात. पुढच्या दाराचे मानकरी वेगळे. पार्सलवाला, जनगणनेवाला, ऑक्टोबरच्या अखेरीस भुतांचे मुखवटे घालून गोळ्या मागायला येणारी पोरं, आणि वर्षाकाठी एखादा वाट चुकलेला धर्मप्रचारक. बाकी वर्षभर ते दार बिचारं लग्नात न बोलावलेल्या आत्यासारखं रस्त्याकडे तोंड करून उभं असतं.

म्हणून सोमवारी सकाळी बायकोचा, आर्डिसचा, फोन आला तेव्हा वर्लिन हॉगनला आधी काही कळेचना.

"शनिवारी सोडतायत मला," आर्डिस म्हणाली. खुब्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे ती शहरातल्या पुनर्वसन केंद्रात पाय टाकायला शिकत होती. "पण एक अट आहे. व्यायामवाल्या बाईंनी घराची सगळी माहिती विचारली. गॅरेजातल्या तीन पायऱ्या अजून महिनाभर चढायच्या नाहीत. पुढच्या दाराला एकच पायरी आहे ना?"

"एकच."

"मग मी पुढच्या दारानं येणार." ती हसली. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पाहुणीसारखी."

फोन ठेवून वर्लिन अंगणात गेला आणि आपल्या घराकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी बघू लागला. दार तपकिरी होतं म्हणतात. आता त्यावर कोंडा झाल्यासारखी पांढुरकी साय धरली होती, आणि खालच्या चौकोनी कप्प्याचा रंग उन्हानं सोलून निघाला होता. सात आठवड्यांनी घरी येणारी बायको वॉकर टेकत येणार, मान वर करणार, आणि पहिली भेट कुणाशी? ह्याच्याशी!

मन खट्टू झालं, कारण दार साधंसुधं नव्हतं. ओकचं होतं. घर घेतलं तेव्हा बांधणारा ठेकेदार दारावर थाप मारून म्हणाला होता, "बघा, ओक!" आणि ओक म्हणजे लाकडातला सरदार. तेव्हापासून दर ऑक्टोबरात, पानं गळायला लागली की, वर्लिन एका रविवारी तेलाचा डबा आणि जुना बनियन घेऊन बाहेर येई आणि तासभर दाराला तेल चोळी. आईनं लेकराला न्हाऊमाखू घालावं तसं. चोळताना गुणगुणे. आल्यागेल्याला सांगे, "लाकूड जिवंत असतं, बाबा. त्याला पाजावं लागतं."

आता त्याला पिवळा रंग द्यायचा, असं त्यानं अंगणात उभ्या उभ्याच ठरवलं. रंग शोधावा लागणार नव्हता. फ्रिजवर, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली, रंगाच्या दुकानातला एक चौकोनी तुकडा सहा वर्षं अडकवलेला होता. पिकत आलेल्या मक्याच्या दाण्यासारखा पिवळा. आर्डिसनंच तो आणला होता, आणि म्हणाली होती, "पुढच्या दाराला छान दिसेल, नाही?" त्यावर वर्लिन म्हणाला होता, "ओकवर रंग?" ती काही बोलली नव्हती, फक्त तुकडा फ्रिजवर लावून ठेवला होता. सहा वर्षं फ्रिजमधून दूध काढताना तो त्याच्याकडे बघायचा आणि तुकडा ह्याच्याकडे.

शनिवारी तिनं पिवळ्या दारातून आत यायचं. बस्स. ठरलं.

*

ठरवणं आपल्या हातात असतं, पण सोसायटी नावाची वस्तू देवानं कशासाठी निर्माण केली आहे?

एल्म रिज सोसायटीचे दारांसाठी मंजूर रंग चार: वाळू, ओली वाळू, दगड आणि धुकं. बाहेरचा रंग हवा तर अर्ज, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या, आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कमिटीची बैठक. चालू महिन्याचा पहिला मंगळवार गेल्याच मंगळवारी होऊन गेला होता. कमिटीच्या अध्यक्ष डिलोरस लुंडक्विस्ट. त्या डावीकडच्याच घरात राहत आणि गवत किती उंच वाढलंय ते खिडकीतून डोळ्यांनी मोजत.

मंगळवारी वर्लिन तो पिवळा तुकडा खिशात घालून त्यांच्याकडे गेला. आधी कॉफी घ्यायला नाही म्हणाला, मग पुन्हा नाही म्हणाला, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर "बरं, तुम्ही करतच असाल तर" म्हणाला. कॉफी केव्हाच झालेली होती. ताटलीत रुबार्बच्या आंबटगोड देठांच्या वड्या होत्या. शेवटची वडी दोघांत उरली तेव्हा त्यानं अर्धी कापून घेतली, डिलोरसबाईंनी उरलेल्या अर्ध्याची अर्धी घेतली, आणि राहिलेला तुकडा, कुणाच्याही तोंडी न जाता, ताटलीत एकटा पडून राहिला. मग वर्लिननं रंग काढून टेबलावर ठेवला.

डिलोरसबाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"वेगळा आहे हो," त्या म्हणाल्या.

वर्लिननं तुकडा हळूच आपल्याकडे ओढला. मिनेसोटात कुणाला तोंडावर वाईट म्हणत नाहीत. सुनेच्या हातचं कालवण घशाखाली उतरत नसलं तर म्हणतात "वेगळं आहे". आणि एखादी गोष्ट स्वर्गातून उतरलेली असली, तर फार तर म्हणतात "वाईट नाही". ह्या दोन वाक्यांवर त्या मुलखातले जन्म, लग्नं आणि अंत्यविधी पार पडतात.

"आर्डिस शनिवारी येतेय," वर्लिन म्हणाला.

"हो का! बरं वाटलं. बैठक मात्र पुढच्या महिन्यात आहे हो."

"बरोबर आहे. नियम तो नियम."

"नियम तो नियम. अर्ज मात्र घेऊन जा हं."

दोघांनीही नाही म्हटलं नव्हतं, आणि दोघांनाही वाटलं समोरच्यानं नाही म्हटलं. वर्लिन अर्ज घेऊन घरी आला, माशाच्या चुंबकाखाली लावला, आणि त्याच पावली रंगाच्या दुकानाकडे गेला. सभ्य माणसाच्या हातून बंड घडतं ते असंच, नजर खाली घालून.

दुकानातल्या बाई अनुभवी होत्या. "दार कशाचं?" त्यांनी विचारलं.

"ओक," वर्लिन म्हणाला. छाती आपोआप थोडी पुढे आली.

त्यांनी त्याला लाकडासाठीचा जाडाभरडा पॉलिश पेपर दिला.

*

बुधवारी सकाळी त्यानं कुलूप आणि मुठी काढल्या, स्क्रू केकच्या साच्याच्या वाट्यांत वेगवेगळे ठेवले, आणि दार उघडं टाकून घासायला बसला. पाचच मिनिटांत समोरचा गेलन ब्रेक्के रस्ता ओलांडून आला. गेलन निवृत्त बसचालक, अंगानं मोठा, बोलण्यानं कमी आणि टेकण्यानं प्रसिद्ध. कुठंही उभा राहिला की कशाला तरी टेकायचा. झाड, गाडी, चर्चची भिंत, कुणाचाही दरवाजा. निरोप घ्यायला लागला की "निघतो मग" म्हणून चौकटीला टेकायचा, आणि तिथून पुढचा तास हवामान, मासे आणि मेलेल्या माणसांची आठवण ह्यांत जायचा.

"घासतोयस," गेलन म्हणाला.

"घासतोय."

गेलन पाहत राहिला. वर्लिन जोर काढून घासत होता. पण गंमत अशी, की भुसा पडत नव्हता. लाकडाचा तांबूस, गोडसर वासाचा भुसा कुठे आणि ही पांढरी, कोरडी, चुन्यासारखी पूड कुठे! शिवाय दाराच्या अंगावरच्या रेषा, ज्यांना तो एकतीस वर्षं झाडाच्या वयाच्या रेषा समजत होता, त्या एका कप्प्यावरून पुसून गुळगुळीत झाल्या. आणि मग हाताला खाज सुटली. आधी मनगट, मग कोपर, मग मान. वर्लिन दोन्ही हातांनी खाजवू लागला, खाजकुयलीच्या वेलीत पडल्यासारखा.

"फायबरग्लासची खाज अशीच," गेलन सहानुभूतीनं म्हणाला. "गार पाण्यानं धू."

वर्लिन खाजवता खाजवता थांबला. "कशाची?"

गेलननं ओठ मिटले. पण बाण सुटला होता.

"गेलन, कशाची?"

"फायबरग्लास," गेलन पायाकडे बघत म्हणाला. "साच्यात काढलेलं. रेषासुद्धा साच्यातल्याच."

आता वर्लिन हॉगन म्हणजे कोण, हे सांगायला हवं. हा माणूस चौतीस वर्षं सरकारी दूध निरीक्षक होता. लोक त्याला भ्यायचे. दुधात किती पाणी आहे, हे तो यंत्र लावायच्या आधी जिभेवर थेंब घेऊन सांगायचा. एकदा एका डेअरीवाल्यानं म्हणे त्याला बघूनच रडत कबुली दिली होती. भेसळीचा असा कर्दनकाळ, आणि त्याच्या स्वतःच्या दारात एकतीस वर्षं ओकच्या नावाखाली फायबरग्लास उभं होतं. आणि तो त्याला तेल पाजत होता!

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या ऑक्टोबरपासून. सांगायला आलोच होतो. पण तू इतकं मन लावून चोळत होतास, आणि गुणगुणत होतास रे. म्हटलं पुढच्या वर्षी सांगू."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, गेल्या वर्षी का नाही सांगितलंस."

ह्या युक्तिवादाला तोड नव्हती. वर्लिन फक्त "बरं" म्हणाला. मिनेसोटातलं "बरं" असं एकटं, शेपटीवाचून आलं, की समजावं माणूस मुळापासून दुखावलाय. गेलन चौकटीला न टेकता, सरळ चालत घरी गेला. त्याच्या आयुष्यातला सर्वांत छोटा निरोप.

रागाच्या भरात वर्लिननं त्याच दुपारी रंगाखालचा प्रायमर फासला. दारानं तो घेतलाच नाही. एकतीस ऑक्टोबरांचं तेल दाराच्या रोमारोमांत मुरलं होतं. प्रायमर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा थेंब थेंब गोळा झाला आणि ओघळून उंबऱ्यावर आला. मायेनं चोळलेलं तेल असं उलटलं. वर्लिन पायरीवर बसला आणि गॅरेजात जाऊन दगड किंवा धुकं ह्यांपैकी एखादा मंजूर रंग आहे का बघावं, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. शनिवारला दोन दिवस उरले होते.

*

गुरुवारी सकाळी सात वाजता दार वाजलं नाही, कारण ते उघडंच होतं. उंबऱ्याशी गेलन उभा होता. एका हातात बादली, दुसऱ्या हातात भांड्याच्या साबणाची बाटली, बगलेत थिनरचा डबा.

"आधी साबण, मग थिनर, मग पुन्हा साबण," तो म्हणाला. "मग बारीक पेपर, हलक्या हातानं. चमक गेली की पुरे. बोटीचं बूड असंच धुतो मी. तेही फायबरग्लासच."

वर्लिननं आत जाऊन दुसरा स्पंज आणला. क्षमा मागितली नाही, केली नाही. दोघं गुडघ्यांवर बसून तीन वेळा दार धुऊन मोकळे झाले. दुपारी प्रायमर लावला, आणि ह्या खेपेला तो नव्या नवरीच्या हळदीसारखा अंगभर बसला. वर्लिननं दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. घासून गेलेल्या रेषांचा कप्पा थोडा गुळगुळीत दिसत होता, एवढंच.

"वाईट नाही," गेलन म्हणाला.

शुक्रवारी पिवळा. आधी आतले कप्पे, मग आडव्या पट्ट्या, मग उभ्या, असं दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं, आणि वर्लिननं ते प्रार्थनेसारखं पाठ केलं होतं. पहिला हात सरळ बसला, दुपारपर्यंत सुकला. दुसरा हात दिला आणि दार उन्हात असं उजळलं, की समोरून जाणारी गाडी हळू झाली.

आणि नेमका तेव्हा वारा सुटला.

जूनमध्ये कॉटनवुडच्या झाडांवरची बोंडं फुटतात. आपल्याकडे सावर उलली की म्हाताऱ्या उडतात, तशाच म्हाताऱ्या, पण लाखांनी. आभाळभर पांढरं तरंगत येतं आणि ज्याला ओल मिळेल त्याला चिकटतं. जात्यावर बसलेल्या एखादीनं पाहिलं असतं तर तिनं दळता दळता गायलं असतं:

दार उघडं ठेविलं, कुणी येईल म्हणून
आली म्हातारी वाऱ्याची, गेली बिऱ्हाड करून

दहा मिनिटांत पिवळ्या दाराला पांढरी दाढी आली.

वर्लिन बोटांनी एक म्हातारी उपटायला गेला, तर रंगही उपटला. दार बंदही करता येईना. ओला रंग चौकटीच्या रबरी पट्टीला चिकटला, की उघडताना सालासकट निघणार. तो तसाच हात वर करून उभा राहिला, ट्रॅफिक थांबवणाऱ्या पोलिसासारखा, आणि तेवढ्यात बागेच्या वाटेवरून डिलोरसबाई येताना दिसल्या. हातात कागद.

संपलं, वर्लिन मनाशी म्हणाला.

डिलोरसबाई दारासमोर थांबल्या. चष्मा लावला. दाढीवाल्या पिवळ्या दाराकडे वरून खाली पाहिलं. मग कागद घडी करून बगलेत मारला, पर्स उघडली, आणि भुवया कोरायचा चिमटा काढला.

"अशा बोटांनी करतात का? तुम्ही पुरुष म्हणजे ना! सरका."

दीड तास अध्यक्षबाई एकेक म्हातारी चिमट्यानं अलगद उचलत होत्या, वर्लिन त्यांच्या मागून कोरड्या ब्रशचं टोक फिरवत होता, आणि गेलन वाऱ्याच्या बाजूला दोन्ही हातांनी चादर पसरून शिडासारखा उभा होता. मध्येच डिलोरसबाई म्हणाल्या, "माझ्या ह्यांना शेवटी घरी आणलं, तेव्हा आर्डिस रोज येऊन त्यांची दाढी करायची. माझा हात थरथरायचा." आणि पुन्हा चिमटा चालू झाला.

काम संपल्यावर त्यांनी तो कागद उलगडला. तो दुसरा अर्ज होता, त्यांनी स्वतःच भरलेला. डाव्या शेजाऱ्याच्या रकान्यात त्यांची सही. उजव्या शेजाऱ्याची सहीही त्यांनी आणलीच होती. "बैठक घ्यायला तीन सभासद लागतात," त्या म्हणाल्या. "एकजण कालव्यावर मासे धरतोय, त्याला फोनवर घेतलं. झाली बैठक. रंगाचं नाव तेवढं राहिलं."

"पिवळा," वर्लिन म्हणाला.

"पिवळा कुठे आहे यादीत?" डिलोरसबाईंनी पेन उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: वाळू, संध्याकाळच्या उन्हातली.

वर्लिनला काही बोलायचं होतं. "कॉफी घेता?" एवढंच निघालं.

"नको, नको."

"घ्या की."

"नको हो, उशीर झाला."

"केलेलीच आहे."

"बरं, केलेलीच असली तर."

कॉफी झाली. उठताना नेहमीप्रमाणे सगळे दारात उभे राहिले. "निघतो मग," गेलन म्हणाला, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं हात लांबवून टेकला.

मग गेलननं हात काढला, अगदी सावकाश, जणू तसा काढला तर काही झालंच नाही असं होईल. दारावर, छातीच्या उंचीला, पाचही बोटांचा रेखीव पंजा उमटला होता.

"हात लावू नका!" डिलोरसबाई ओरडल्या. "अर्धवट सुकलाय. आता ब्रश मारला तर सगळं दार ओरबाडेल!"

गेलनचा चेहरा पडला. पिवळ्या तळव्याकडे बघत एवढा मोठा माणूस उभा होता, आणि वर्लिनला त्या घटकेला राग यायला हवा होता. तो आलाच नाही. शोधूनही सापडला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "दार ओकचं असतं तर गोष्ट वेगळी."

गेलननं वर पाहिलं. मग त्याच्या खांद्यांना आतून हसू फुटलं, आणि डिलोरसबाईही चिमटा पर्समध्ये टाकता टाकता हसू लागल्या, म्हणजे त्यांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं. सगळ्या आळीची अळीमिळी गुपचिळी! अंधार पडायच्या आधी वर्लिननं रबरी पट्टीवर बटर पेपर लावला आणि दार हळूच लोटलं.

*

शनिवारी तीन वाजता मुलगी जोलीन आर्डिसला घेऊन आली. वर्लिन सकाळपासून पुढच्या पायरीवर स्वच्छ शर्ट घालून बसला होता. गाडी वळणावर दिसली आणि आनंदानं त्याचं भान गेलं. धावत आत गेला आणि, हात भिंतीवर जाईपर्यंत आपण काय करतोय हे न कळता, गॅरेजचं बटण दाबलं. गॅरेज उघडलं. जोलीनही ह्याच घरात वाढलेली. तिनं सवयीनं गाडी सरळ आत घातली.

अंधाऱ्या गॅरेजात, तेलाचा डबा आणि बर्फाची फावडी ह्यांच्यामध्ये, आर्डिस गाडीच्या खिडकीतून तीन पायऱ्यांकडे बघत होती.

"सात आठवडे," ती म्हणाली, "सात आठवडे त्या बाईनं मला एकच पायरी चढायला शिकवलंय, वर्लिन."

"मागे घे! मागे घे!" वर्लिन जोलीनला हातवारे करू लागला.

गाडी मागे आली. अंगणात गेलन आणि डिलोरसबाई, योगायोगानं तिथून चाललो होतो अशा चेहऱ्यानं, हॉटडिश नावाच्या भाजलेल्या जेवणाची दोन झाकलेली भांडी घेऊन उभे होते. आर्डिस उतरली. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा. वाटेच्या टोकाशी येऊन तिनं मान वर केली.

तिनं दार वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वर्लिननं हात खिशात घातले, बाहेर काढले. आता ती "वेगळं आहे" म्हणाली, तर काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"वाईट नाही," आर्डिस म्हणाली. "अजिबात वाईट नाही, वर्लिन."

मग पायरी आली. चांगला पाय आधी, हे ती शिकली होती. पण चढताना आधार हवा, म्हणून तिनं डावा हात लांबवला. तो बरोबर पंज्यावर पडला. गेलनच्या त्या भल्यामोठ्या पंज्यात तिचा सुरकुतलेला, हलका हात अख्खा मावला, घरट्यात पाखरू बसावं तसा. ती एका दमात उंबऱ्यावर आली आणि हाताखाली बघू लागली.

"हा कुणाचा हात?"

"माझा," मागून गेलन म्हणाला. "म्हणजे, मी निघतच होतो."

जेवणाच्या टेबलाशी बसल्यावर वर्लिननं कबुली दिली. डेअरीवाले त्याच्यापुढे देत तशीच, नजर खाली घालून. "आर्डिस, दार ओकचं नाही. फायबरग्लासचं आहे."

"माहीत आहे की. कडेला कागद चिकटवलेला होता कारखान्याचा. पहिल्याच वर्षी वाचला मी."

"मग बोलली का नाहीस?"

आर्डिसनं हॉटडिशच्या वरचा एक खरपूस बटाटा काट्यावर घेतला. "पहिलं म्हणजे, तू तासभर घराबाहेर असायचास," ती म्हणाली. जोलीन फसकन हसली. "आणि दुसरं म्हणजे, मी खिडकीतून बघायचे. म्हटलं, साच्यातल्या दाराला जो माणूस इतक्या मायेनं तेल लावतो, त्याच्याजवळ म्हातारपण बरं जाईल."

वर्लिननं सगळ्यांना पुन्हा वाढलं. पाहुणे सव्वाचारला "निघतो मग" म्हणाले आणि सव्वापाचला निघाले. तो सगळा वेळ गेलन दारात दोन्ही हात खिशात घालून उभा होता.

पुढे महिन्याभरात आर्डिसला गॅरेजच्या पायऱ्या येऊ लागल्या. तरी दोघं पुढच्याच दारानं ये-जा करत राहिले, आणि आत शिरताना ती दरवेळी पंज्यावर हात ठेवी, आता गरज नसताना.

ऑक्टोबर आला. पानं गळू लागली. एका रविवारी वर्लिन जुना बनियन घेऊन बाहेर आला. तेलाचा डबा नव्हता. नुसतं ओलं फडकं घेऊन त्यानं पिवळं दार पुसायला घेतलं, आधी कप्पे, मग आडव्या पट्ट्या, मग उभ्या, पंज्याच्या बोटांमधून जरा हलक्या हातानं. थोड्या वेळानं तो गुणगुणू लागला.

समोरच्या अंगणात गेलन पानं गोळा करत होता. त्यानं बघितलं, रंगवलेल्या दाराला पुसून काही होत नाही हे त्याला ठाऊक होतं. तो दाताळ्याला टेकला, आणि काही बोलला नाही.